तान्ह्या बाळाची रात्र: पहिल्या तीन महिन्यांत झोपेची घडी कशी बसवावी

दिवसभर गाढ झोपलेलं बाळ रात्री अकराला टक्क डोळे उघडतं आणि पहाटेपर्यंत घर जागवतं. दहा-पंधरा दिवसांचं बाळ असलेल्या बहुतेक घरांत हेच चालू असतं. हा आजार नाही आणि बाळाला लागलेली वाईट सवयही नाही. पोटात असताना दिवस-रात्रीची चाहूल त्याला आईच्या शरीराकडून मिळत होती. आई चालायची-फिरायची तेव्हा पोटात झुलत ते निवांत पडायचं आणि ती आडवी झाली की लाथा मारायचं. जन्मल्यावर तो आधार सुटतो आणि मेंदूतलं स्वतःचं घड्याळ अजून चालू झालेलं नसतं. अंधार पडल्यावर झोप आणणारं मेलाटोनिन बाळाच्या शरीरात ठरावीक लयीत तयार व्हायला साधारण दोन ते तीन महिने लागतात.

म्हणून या काळात बाळाला शिस्त लावायला जाऊ नये. रडत ठेवून झोपवायचा विचार तर मुळीच करू नये. इतक्या लहान बाळाला रडण्यावाचून दुसरा उपाय नसतो. आपल्या हातात एकच मोठी गोष्ट आहे: दिवस आणि रात्र यांतला फरक घराने रोज दाखवत राहणं. माझा सगळा भर त्यावर आहे, आणि रात्रीपेक्षाही जास्त भर दिवसावर आहे.

आधी अपेक्षा ठरवा

नवजात बाळ २४ तासांत साधारण १४ ते १७ तास झोपतं. कुणी थोडं कमी, कुणी थोडं जास्त. पण ही झोप दोन-चार तासांच्या तुकड्यांत येते, कारण पोट चिमुकलं असतं आणि आईचं दूध लवकर पचतं. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. त्यातली दोन-तीन पाजणी रात्री होणारच.

पहिले दोन आठवडे वेळापत्रकाचा विचारही नको. सहाव्या आठवड्याच्या आसपास बऱ्याच बाळांची रात्री एक सलग झोप तीन-चार तासांची होऊ लागते. तिसरा महिना भरता भरता अनेक बाळं पाच तासांपर्यंत जातात, काही जात नाहीत. ‘बाळ रात्रभर झोपतं’ असं संशोधनात म्हणतात तेव्हा बरेचदा मध्यरात्र ते पहाटे पाच एवढाच वेळ धरलेला असतो. शेजारणीचं बाळ महिन्याचं असताना रात्री दहा ते सकाळी सात झोपायचं, हे ऐकून स्वतःला दोष देऊ नका.

बाळ दिवसांआधी जन्मलं असेल तर हे आठवडे डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून मोजा, जन्मतारखेपासून नको.

पहिली पायरी: पोट भरतंय का ते बघा

पहिल्या दोन आठवड्यांत झोपेपेक्षा दूध महत्त्वाचं. जन्मानंतर बाळाचं वजन थोडं उतरतं आणि १० ते १४ दिवसांत पुन्हा जन्माच्या वजनावर येतं. तोवर बाळ तीन तासांहून जास्त वेळ झोपून राहिलं तर त्याला उठवून पाजायचं, रात्रीसुद्धा. ‘झोपलेल्या बाळाला उठवू नये’ हा सल्ला या दिवसांत लागू होत नाही. विशेषतः बाळ कमी वजनाचं असेल किंवा कावीळ असेल तर ते सुस्तावतं, भूक लागूनही उठत नाही. उठवण्यासाठी दुपटं सोडा, लंगोट बदला, तळपाय चोळा आणि आईच्या उघड्या छातीशी धरा.

दूध पुरतंय हे ओळखायला वजन आणि लंगोट या दोन खुणा पुरेशा आहेत. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला व्हायला हवा. वजन पूर्ववत झाल्यावर रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ धरतात. गावात किंवा वस्तीत आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी या भेटी असतात, तेव्हा वजन आवर्जून करून घ्या. डॉक्टरांनी वजन चांगलं असल्याचं सांगितलं की रात्री मुद्दाम उठवणं थांबवता येतं. मग बाळ आपण होऊन जितकं झोपेल तितकं झोपू द्यावं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळ अचानक तासा-तासाला दूध मागतं. दूध आटलं म्हणून घाबरून वरचं दूध सुरू करण्याचे हेच दिवस असतात. दोन-तीन दिवस मागेल तसं पाजलं की दूध वाढतं आणि बाळ पुन्हा लांब झोपू लागतं.

दुसरी पायरी: दिवस दाखवा

आपल्याकडे बाळंतिणीची खोली अंधारी ठेवायची रीत आहे. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, वारा लागू नये, दृष्ट लागू नये. बाळंतिणीला आराम मिळावा हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. पण दिवसाही अंधार आणि रात्रीही अंधार असेल तर बाळाच्या मेंदूला घड्याळ लावायला खूण कुठून मिळणार? मेंदू ही खूण डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून घेतो. २००४ साली ब्रिटनमध्ये ६, ९ आणि १२ आठवड्यांच्या बाळांचा अभ्यास झाला. त्यात रात्री चांगली झोपणारी बाळं दुपारच्या वेळी जास्त उजेडात राहिलेली आढळली.

तेव्हा सकाळी सातच्या सुमारास पडदे उघडा, बाळ झोपलेलं असलं तरी. दिवसा त्याला घरात जिथे माणसं वावरतात तिथे झोपवा. कुकरच्या शिट्ट्या होऊ देत, मोठ्या भावंडाची बडबड चालू दे, पूजेची घंटा वाजू दे. दिवसाच्या झोपेला शांतता लागत नाही आणि नेहमीचे आवाज झाकत बसण्याची गरज नाही. सकाळच्या कोवळ्या उजेडात आणि दुपारी खिडकीपाशी किंवा सावलीच्या व्हरांड्यात त्याला मांडीवर घेऊन बसा. थेट ऊन डोळ्यांवर नको. लंडनला किंवा टोरांटोला हिवाळ्यात बाळंतपण झालं असेल तर बाहेर उजेडच कमी असतो, मग दिवसभर बाळ खिडकीजवळ ठेवणं आणि घरातले दिवे लावून ठेवणं जास्तच गरजेचं होतं.

आता न्हाऊ-माखूबद्दल. मालिश करणारी बाई सकाळी नऊ-दहाला येते, बाळाला पायांवर घेऊन छान तेल लावते, गरम पाण्याने न्हाऊ घालते, आणि मग बाळ तीन-चार तास असं झोपतं की हलत नाही. दिवसभरातली त्याची सगळ्यात लांब, सगळ्यात गाढ झोप तिथेच संपते. ती रात्रीकडे सरकवायची आहे. आंघोळीनंतरची झोप तीन तासांच्या पुढे गेली की बाळाला हळुवार उठवा आणि पाजा. दिवसाच्या इतर झोपांनाही हाच नियम. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सहसा पटत नाही, म्हणून आधीच बोलून ठेवा: दिवसा उठवतोय ते रात्री झोपावं म्हणून.

दिवसा पाजताना बाळाशी बोला, डोळ्यांत बघा, हसा. पाजल्यावर लगेच न झोपवता थोडं जागं ठेवा. जागं म्हणजे किती? पहिल्या महिन्यात पाजणं धरून पाऊण ते एक तास, दोन-तीन महिन्यांपर्यंत एक ते दीड तास. त्यापुढे बाळ थकतं आणि थकलेलं बाळ लवकर झोपण्याऐवजी किरकिरत राहतं. नजर एकीकडे लागणं, भुवया लालसर होणं, हातापायांचे झटके, मग जांभई, अशा खुणा दिसल्या की झोपवायला घ्यायचं. रडू फुटेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

तिसरी पायरी: रात्र वेगळी ठेवा

संध्याकाळी सात-साडेसातपासून घराचा आवाज आणि उजेड उतरवा. बाळ ज्या खोलीत आहे तिथली ट्यूबलाइट बंद करून पिवळा छोटा दिवा लावा. टीव्ही दुसऱ्या खोलीत. बाळ बघायला येणाऱ्या पाहुण्यांना दुपारची वेळ द्या, रात्री नऊला येऊन बाळाला हातोहात फिरवणं थांबवावंच लागेल. हे सांगायचं काम बाळाच्या बाबांनी करावं, बाळंतिणीवर टाकू नये.

रात्रीची पाजणी मुद्दाम नीरस हवी. झोपण्याआधीच लंगोट, पुसायचं मऊ फडकं, आईसाठी पाण्याची बाटली आणि एक सुका खाऊ हाताशी ठेवा, म्हणजे मोठा दिवा लावून शोधाशोध होत नाही. बाळ कुरकुरलं की मंद उजेडात घ्या, एका बाजूला पाजा. मग लंगोट बदलायचा असेल तर बदला आणि दुसऱ्या बाजूला पाजा. लंगोट शेवटी बदललात तर पेंगुळलेलं बाळ खडबडून जागं होतं, म्हणून हा क्रम. डायपर घातलेला असेल आणि शी झालेली नसेल तर मध्यरात्री बदलण्याची गरज नसते. खांद्यावर घेऊन ढेकर काढा आणि न बोलता खाली ठेवा. मोबाइल बघत पाजणं समजू शकते, हात मोकळा असतो आणि जागं राहायला मदत होते, पण स्क्रीनचा उजेड बाळाच्या चेहऱ्यावर पडू देऊ नका.

आईने स्वतः झोपण्याआधी, दहा-साडेदहाला, बाळाला न उठवता अलगद घेऊन एकदा पाजावं. झोपेतच बरीच बाळं पितात. त्यामुळे बाळाची पहिली लांब झोप आणि आईची झोप एकाच वेळी येते. आठवडाभर करून बघा. बाळ त्याने उलट जागं होत असेल तर सोडून द्या.

लगेच उचलू नका

बाळाच्या झोपेचं एक आवर्तन सुमारे ५० मिनिटांचं असतं, मोठ्यांचं ९० च्या आसपास. त्यातली जवळजवळ निम्मी झोप चळवळी असते: बाळ कण्हतं, हुंकारतं, तोंडं वेडीवाकडी करतं, ओठ चोखतं, हात झाडतं, एखादं रडूही काढतं, आणि हे सगळं झोपेत. पहिलटकरणीला वाटतं उठलं. ती घाईने उचलते आणि झोपेत असलेलं बाळ खरोखर जागं होतं. आवाज आला की आधी बघा. डोळे मिटलेले आहेत का? अर्धा-एक मिनिट थांबा, छातीवर हलकेच तळहात ठेवा. खरी भूक असेल तर मान वळवून तोंड उघडणं, मूठ चोखणं सुरू होतं आणि आवाज चढत जातो, तेव्हा मात्र लगेच घ्या. या एका सवयीने अनेक घरांतली रात्रीची उठबस कमी होते, मी ती सगळ्यात आधी सांगेन.

चौथी पायरी: कुठे आणि कसं झोपवायचं

इथे तडजोड नको. बाळाला दर वेळी उताणं झोपवा, दुपारीही आणि रात्रीही. कुशीवर किंवा पालथं नाही. अमेरिकेत १९९२ साली बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळाला पालथं न झोपवण्याचा सल्ला दिला, १९९४ पासून देशभर मोहीम चालली आणि पुढच्या दहाएक वर्षांत झोपेत अचानक होणाऱ्या तान्ह्यांच्या मृत्यूंचं प्रमाण निम्म्यावर आलं. उताणं असताना दूध घशात अडकेल ही भीती आजी-आजोबांना असते. प्रत्यक्षात उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे उलटलेलं दूध परत खाली जातं. पालथ्या बाळात उलट होतं.

अंथरूण सपाट आणि घट्ट हवं. आजूबाजूला उशी, लोड, गोधडी, मऊ खेळणी काही नको. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात, ती झोपेत नको. डोक्याचा आकार जपायचा तर एक दिवस मान उजवीकडे, एक दिवस डावीकडे वळेल असं झोपवा, आणि जागं असताना, कुणीतरी समोर असताना, दिवसातून दोन-तीनदा काही मिनिटं पालथं ठेवा.

साडीची झोळी बाळाला आवडते, कारण ती त्याला पोटातल्यासारखी वेढून घेते. पण झोळीत पाठ वाकते आणि हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट अरुंद होऊ शकते. तिन्हीसांजेला रडं थांबवायला थोडा वेळ झोळी, तीही डोळ्यांसमोर, एवढं ठीक. झोप लागली की सपाट जागी ठेवा. रात्रभर झोळीत नको. बारशाचा पाळणा वापरत असाल तर त्याचा तळ सपाट आहे आणि टांगलेल्या चिमण्या, दोऱ्या बाळाच्या हाताला लागत नाहीत हे बघून घ्या. गाडीतल्या बेबी सीटवरही रात्रीची झोप नको.

पहिले सहा महिने तरी बाळ आईच्या खोलीत, आईच्या हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर असावं, हे सगळ्यात सुरक्षित. आपल्याकडे बहुतेक घरांत बाळ आईच्या कुशीतच झोपतं, हे मला माहीत आहे. तसं असेल तर निदान एवढं पाळा. मऊ, खचणारी गादी नको, जमिनीवरची घट्ट सतरंजी-गादी बरी. बाळ दोन मोठ्या माणसांच्या मध्ये नको, मोठ्या भावंडाशेजारी नको. आईचं पांघरूण आईच्या कमरेपर्यंतच. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, दारू किंवा झोपेचं औषध घेतलं असेल, बाळ दिवसांआधी जन्मलं असेल किंवा जन्मवजन अडीच किलोपेक्षा कमी असेल, तर एका अंथरुणात मुळीच नको. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला छातीवर घेऊन डुलकी काढणं याहून धोक्याचं.

कपडे बेताचे. आपल्याला जेवढे लागतात त्याहून एक थर जास्त, बस. मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात तर नुसतं सुती झबलं पुरतं आणि पंखा लावला तरी चालतो. मानेमागे हात लावून बघा, घामट लागली तर कपडे जास्त झालेत. घरात झोपताना कुंची-टोपडं काढा. कमी वजनाच्या बाळाला डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढाच अपवाद. दुपट्यात गुंडाळल्याने बाळ दचकून उठत नाही, तेव्हा गुंडाळायला हरकत नाही. कपडा पातळ सुती हवा आणि तो छातीशी बेताचा बसावा, पण कमरेखाली सैल, म्हणजे पाय वाकवून फाकवता येतील. पाय सरळ ताणून बांधल्याने खुब्याचा सांधा निखळू शकतो. कुशीवर वळायचा प्रयत्न दिसला की त्या दिवसापासून गुंडाळणं बंद.

आणि धूर नको. ओवा-बाळंतशेपाची धुरी, शेकशेगडी, डासांची कॉइल, दृष्ट काढून विस्तवावर टाकलेल्या मिरच्या-मोहरी, यातलं काहीही बाळाच्या खोलीत नको. बंद खोलीतल्या निखाऱ्यांमधून निघणारा विषारी वायू दिसतही नाही आणि त्याला वासही येत नाही. दृष्ट काढायची तर खुशाल काढा, विस्तव घराबाहेर ठेवा. डासांसाठी मच्छरदाणी उत्तम.

तिन्हीसांजेची किरकिर

दुसऱ्या आठवड्यापासून बाळाचं रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त होतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. संध्याकाळी सहा ते रात्री दहा ही त्याची ठरलेली वेळ. पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, ताप नाही आणि तरी रडतंय, तर ते याच वाढीतलं रडणं असतं. छातीशी उघड्या अंगाने धरा, खांद्यावर घेऊन अंधाऱ्या खोलीत फेऱ्या मारा, थोड्या थोड्या वेळाने पाजत राहा. पंख्याचा एकसुरी आवाज किंवा मोबाइलवरचा पावसाचा आवाज बऱ्याच बाळांना शांत करतो, पण मोबाइल दोन मीटर दूर आणि आवाज बारीक. हात-पाय गळून गेले, राग यायला लागला, तर बाळाला सपाट जागी उताणं ठेवा, दुसऱ्या कुणाला हाक मारा आणि पाच मिनिटं खोलीबाहेर जा. बाळाला रागाने हलवणं, गदागदा हिंदकळवणं त्याच्या मेंदूला कायमची इजा करू शकतं.

पाचवी पायरी: सहा आठवड्यांनंतर एक क्रम

आता घड्याळाची सुरुवात झालेली असते. रोज साधारण एकाच वेळी, आठ-साडेआठला, तोच क्रम ठेवा: ओल्या फडक्याने अंग पुसणं, तळपायांना थोडं तेल, स्वच्छ झबलं, दूध, अंगाई, अंथरूण. अर्ध्या तासात सगळं आटपायला हवं. अंगाई रोज तीच असू द्या, सूर कसाही असो, बाळाला आवाज ओळखीचा हवा.

दिवसातून एकदा, सहसा रात्रीच्या पहिल्या झोपेला, बाळ पूर्ण झोपायच्या आधी, पेंगत असतानाच खाली ठेवून बघा. आधी बूड टेकवा, मग पाठ, शेवटी डोकं, आणि हात क्षणभर छातीवर राहू द्या. जमलं तर छान. रडलं तर घ्या, झोपवा, उद्या पुन्हा बघा. दोन महिन्यांचं बाळ हातात झोपतं म्हणून बिघडत नाही.

झोपेसाठी तोंडातून काहीही नको

शंभर वर्षांपूर्वी मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळागोळी देत, म्हणजे पाळी संपेपर्यंत मूल निजून राहायचं. तिने मुलं दगावली. आज अफू नाही, पण बाळघुटीत जायफळाचे चार वेढे जास्त उगाळण्यामागे विचार तोच असतो. जायफळाने गुंगी येते आणि तान्ह्याला ते विषारी ठरू शकतं. गुंगीतली झोप ही झोप नव्हे, त्यात बाळ दुधासाठी उठत नाही. सर्दी-खोकल्याची औषधं झोप येते म्हणून देऊ नका. ग्राइप वॉटरची गरज नाही. मध तर वर्षभर चाटवायचा नाही, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. सहा महिने फक्त आईचं दूध, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब.

आईची झोप

बाळाची झोप सुधारायला दोन-तीन महिने लागतात, आईने तोवर जागं राहावं असं कुणी गृहीत धरू नये. आईला २४ तासांत एकदा तरी चार तास सलग झोप मिळेल अशी पाळी लावा. उदाहरणार्थ, रात्री नऊला पाजून आई झोपेल आणि एकपर्यंत बाळाला फिरवणं, ढेकर, लंगोट बाबा किंवा आजी बघतील. भूक लागली तर बाळ आईजवळ आणायचं आणि पाजून झालं की परत न्यायचं. दुपारी बाळ झोपलं की भांडी-कपडे राहू देत.

दोन आठवड्यांनंतरही सतत रडू येत असेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, स्वतःला किंवा बाळाला काही करून घ्यावंसं वाटत असेल, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना सांगा, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, कोणत्याही वेळी लागतो आणि मराठीत बोलता येतं.

थांबू नका, दवाखान्यात न्या

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, अंग थंडगार पडणं, उठवूनही न पिणं, नेहमीपेक्षा मलूल होणं, शांत असतानाही मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, ओठ निळसर होणं, झटके, तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा, हिरवी उलटी, एकसारखं, वेगळ्याच किंचाळत्या आवाजात रडणं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा, आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत बाळाला आईच्या छातीशी उबदार धरून ठेवा.